टोन मिळाला, पुढे काय?

प्रोग्रेसिव्ह मेटलमधल्या नव्या बँडवर कोणाची छाप आहे, हे ओळखायला आता गाण्याची पहिली काही सेकंदं पुरतात. आठ तारांची गिटार, कोरडा, तोडून टाकलेला खर्ज, त्याला चिकटून चालणारा किक ड्रम. ऐकलं की स्वीडनच्या मेशुगाचं नाव ओठांवर येतंच. छाप असण्यात वावगं काही नाही. मेशुगाही मेटालिकाच्या वळणानंच सुरू झाले. पण त्यांच्याकडून नेमकं काय उचललं जातंय, हे तपासायला हवं.

१९९५च्या ‘डिस्ट्रॉय इरेज इम्प्रूव्ह’पासून मेशुगानं लयीचा एक विचार मांडला. ड्रमर टॉमस हाके झांजेवर चार मात्रांचं साधं आवर्तन धरून ठेवतो आणि त्याचे पाय गिटारसोबत विषम लांबीचा एक तुकडा घोळवत राहतात. तो तुकडा दर आवर्तनात वेगळ्या जागी पडतो. तिहाई ऐकून वाढलेल्या कानाला हा ताण लगेच कळतो. फक्त तिहाई हिशेबानं समेवर येते, मेशुगा बहुधा तुकडा मध्येच छाटून समेवर उतरतात. त्यांचा गिटारवादक फ्रेड्रिक थोर्डेंडालच्या सोलोंमध्ये तर गिटारवादक अ‍ॅलन होल्ड्सवर्थचं जॅझ-फ्युजन स्पष्ट ऐकू येतं. ज्यांची सर्वाधिक नक्कल झाली, त्यांचे स्वतःचे कान मेटलच्या बाहेर लागलेले होते.

पुढे हाकेच्या ड्रमचे आवाज ‘ड्रमकिट फ्रॉम हेल’ या सॉफ्टवेअरमधून कुणालाही मिळू लागले. २००५चा ‘कॅच थर्टीथ्री’ खुद्द मेशुगानंच असे प्रोग्रॅम केलेले ड्रम वापरून केला. त्याच सुमारास अमेरिकेत गिटारवादक मिशा मन्सूर घरच्या घरी रेकॉर्डिंग करत होता. त्यातून उभ्या राहिलेल्या पेरिफेरी बँडचा पहिला अल्बम २०१०मध्ये आला आणि या शैलीचं ‘जेंट’ हे नाव सगळीकडे पसरलं. मन्सूरला मी नक्कलकार मानत नाही. त्या लयीवर त्यानं गाता येईल अशी चाल बसवली. मागून आलेल्यांनी मात्र बहुतेक वेळा फक्त आवाज घेतला. आज प्लिनी किंवा टिम हेन्सन या गिटारवादकांचा टोन त्यांच्या नावानिशी सॉफ्टवेअरमध्ये विकत मिळतो. पूर्वी दुसऱ्याचा टोन शोधता शोधता चुकत-माकत स्वतःचं काहीतरी हाती लागायचं. ती वाट बुजत चालली आहे, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

ऐकणाऱ्यांचे कानही याच आवाजावर घडताहेत. या चकचकीत ध्वनीची सवय झाली की सिनिक बँडचा १९९३चा ‘फोकस’ अल्बम विरळ वाटू लागतो, आणि त्यातली कल्पकता कानाआडच राहते. उलट दिशेचं उदाहरण ओपेथ बँडचं. २०११च्या ‘हेरिटेज’मध्ये त्यांचा गायक मिकाएल ओकरफेल्टनं गुरगुरता आवाज सोडून सत्तरच्या दशकातल्या रॉककडे मोहरा वळवला आणि जुने चाहते दुखावले. पण ते सत्तरचं दशक २००१च्या ‘ब्लॅकवॉटर पार्क’मध्येही होतंच. त्या अल्बमचा सहनिर्माता स्टीव्हन विल्सन. ओपेथवरून विल्सनकडे आणि विल्सननं नव्यानं मिक्स केलेल्या किंग क्रिमसनच्या अल्बमांकडे, अशी उलटी वाट चालणाऱ्याची रुची रुंदावते.

आपल्याकडे दिल्लीच्या केशव धरनं स्कायहार्बर या बँडची सुरुवात घरच्या रेकॉर्डिंगमधूनच केली. २०१२च्या ‘ब्लाइंडिंग व्हाइट नॉइज’मध्ये एका भागात टेसरॅक्ट बँडचा डॅनियल टॉम्पकिन्स गायला, दुसऱ्यात मुंबईच्या ‘भयानक मौत’ बँडचा सुनीत रेवणकर गरजला. त्यावर जेंटचा शिक्का आहेच, पण दोन गळ्यांमुळे अल्बमचे दोन स्वभाव झाले. २०१४च्या ‘गायडिंग लाइट्स’मध्ये तो शिक्का पुसट होत गेला आणि मोकळी जागा वाढली. मला हाच अल्बम अधिक जवळचा.

उसनवारीचं आणखी एक उदाहरण: लंडनच्या हाकेन बँडनं २०१३च्या ‘द माउंटन’मधल्या ‘कॉक्रोच किंग’मध्ये जेंटल जायंट या जुन्या बँडची एकमेकांत गुंतणारी गायनपद्धत उघडपणे उचलली. तिथे उसनवारी लपवलेली नाही, कारण घेतली आहे ती रचना. चार आवाज एकमेकांना छेदत कसे चालवायचे, हे कुठलंही सॉफ्टवेअर आयतं देत नाही. ते बसून, गाऊन, लिहून काढावं लागतं. नव्या बँडचा अल्बम हाती आला की मी आधी तेवढंच ऐकतो: यांनी काय लिहून काढलं आहे?