हत्ती विसरू लागतात तेव्हा

लाडक्या मालिकेतलं पुस्तक फसलंय, हे आपण लगेच कबूल करत नाही. ‘आपलंच लक्ष नव्हतं’ म्हणत मागची पानं चाळतो. अगाथा ख्रिस्तीच्या ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’च्या (१९७२) बाबतीत मी तेच केलं. पण गोंधळ माझा नव्हता. माणसांची वयं आणि घटनांचा काळ एकमेकांशी जुळत नाहीत, साक्षीदार सगळे सारखंच मोघम बोलतात आणि उत्तर पॉयरोच्या कितीतरी आधी आपल्याला कळतं.

चिडचिड होते, कारण हाच डाव बाईंनी १९४२ च्या ‘फाइव्ह लिटल पिग्ज’मध्ये जिंकला होता. तिथेही सोळा वर्षांपूर्वीचा खून आणि हाताशी फक्त आठवणी. पण पाच जण तीच हकिकत सांगतात आणि गुन्हेगार ठरलेली बायको दर वेळी वेगळी दिसते. तिथे विसरणं हाच रहस्याचा भाग होता.

२००९ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांतले शब्द मोजले. ‘एलिफंट्स’मध्ये शब्दसंग्रह आक्रसलेला, मोघम शब्द वाढलेले. हा स्मृतिभ्रंश असावा, असं त्यांनी सुचवलं.

त्यामुळे पुस्तक चांगलं ठरत नाही. पण राग कुणावर काढायचा? पॉयरोचा शेवट, ‘कर्टन’, बाईंनी महायुद्धाच्या काळातच लिहून कुलुपात ठेवला होता. तो छापला गेला १९७५ मध्ये. कुठे थांबायचं ते त्यांना ठाऊक होतं. दर नाताळला नवं पुस्तक मागणारे मात्र माझ्यासारखेच निष्ठावान वाचक होते.