'अंधाधुन' आणि माझा चष्मा

रहस्यपट पाहायला जाताना दोन माणसं बरोबर नसावीत. एक म्हणजे तो आधीच पाहून आलेला मित्र आणि दुसरी आपली बायको. मित्र खून कुणी केला ते सांगतो. बायको आपण काय केलं ते सांगते.

2018 साली श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' लागला तेव्हा मित्राला मी शिताफीने टाळलं. नावात मला आधी मुद्रणदोषच वाटला. 'अंधाधुंद'मधला द कुणीतरी खाल्ला असणार. पण द गेल्यावर आंधळ्याची धून उरते, हे आत बसल्यावर कळलं. शिवाय गोष्ट पुण्यात घडते. पुणेकराला खून चालतो. फक्त तो गावातल्या गावात झालेला बरा!

तर एक पियानोवाला तरुण (आयुष्मान खुराना) डोळस असून आंधळ्याचं सोंग आणतो. का, तर वादन सुधारावं म्हणून. एका जुन्या नटाच्या घरी तो वाजवायला जातो. दार उघडते नटाची बायको, म्हणजे तब्बू. आत नट मरून पडलेला. आता आली का पंचाईत! आंधळ्याला किंचाळता येत नाही. समोर ती बाई आणि तिचा मित्र आवराआवर करताहेत, प्रेत बॅगेत कोंबताहेत, आणि हा आपला वाजवतोय. बोटं सुरात आणि काळीज बेसूर. माझ्या शेजारच्या गृहस्थांचा पॉपकॉर्न तोंडापाशीच थबकला होता. पुढे हा पोलिसांत जातो, तर तिथले साहेब म्हणजे तोच मित्र!

मध्यंतरानंतर मात्र गाडी जरा घसरते. किडन्या काय, अपहरण काय, डॉक्टर काय. छाया कदम यांची लॉटरीवाली इतकी अस्सल आहे, की पुढचे योगायोगही तिनेच विकले असावेत. ज्या फ्रेंच लघुपटावरून हे सुचलं, तो 2010 सालचा चित्रपट पाव तासात आटोपतो आणि ऐन धोक्याच्या जागी थांबतो. आपल्याकडे तिकिटाचे पैसे वसूल व्हावे लागतात.

(ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हा परिच्छेद डोळे मिटून वाचावा.) शेवटी नायक युरोपात भेटतो. एका सशामुळे आपण कसे वाचलो, ते मैत्रिणीला सांगतो. मग काठी टेकत निघतो आणि वाटेतला डबा काठीने बरोब्बर उडवतो. म्हणजे दिसतंय की! मग हकीगत खरी किती?

"ससाबिसा काही नव्हता," स्कूटरवर मागून सौभाग्यवती म्हणाल्या. "सोंगाची सवय झाली की माणूस सोडतोय थोडंच!"

"असं कसं? बिचारा अडकला होता."

"तुम्ही पण अडकलाच होतात."

मी गिअर बदलला. आमच्या सोसायटीचं गेट एका रात्री मोडलं. ते सेक्रेटरींच्या गाडीने मोडलं. मी गॅलरीत शब्दकोडं सोडवत बसलो होतो. सकाळी ठपका आला वॉचमनवर. झोपला होता म्हणे! कमिटीने मला विचारलं. माझ्या गॅलरीच्या ग्रिलचा अर्ज तेव्हा सेक्रेटरींच्या टेबलावर होता. मी म्हटलं, "आवाज आला खरा, पण डोळ्यांवर चष्मा नव्हता." वॉचमन गेला. पगार कापून गेला. जाताना त्याने मला नमस्कार केला, कारण मी त्याच्याविरुद्ध बोललो नव्हतो.

ग्रिल छान बसलं आहे. कबुतरं येत नाहीत.

"चष्म्याशिवाय कोडं सोडवत होतात होय?" मागून आवाज आला.

मी काही बोललो नाही. सिग्नलला थांबलो होतो. मागच्या रिक्षाने हॉर्न दिला, मग दुसऱ्या रिक्षाने.

"अहो, हिरवा झालाय," ती म्हणाली. "दिसतोय ना?"