दत्तक राजांची साक्ष

गेल्या पावसाळ्यात मुलुंडच्या एका वाचनालयात मराठी राजचरित्रांवर बोलण्याचा योग आला. शेवटी एका ज्येष्ठ श्रोत्यांनी विचारले, "राजा मोठा होतो तो वारशाने की अंगच्या गुणांनी?" मी "दोन्हींनी" असे सांगून वेळ मारून नेली. घरी परततानाच ते उत्तर मला खटकू लागले. एकाचे काम कुठे संपते आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होते, हे मी सांगितलेच नव्हते.

गादीवर जन्मलेल्या राजाकडे पाहून हा गुंता सुटत नाही, कारण त्याचे रक्त, संस्कार आणि सत्ता एकाच वाड्यातून आलेली असतात. दत्तक राजांच्या बाबतीत मात्र या गोष्टी थोड्या सुट्या करून पाहता येतात. म्हणून बडोदा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांची साक्ष काढतो.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी १८६३ साली जन्मलेल्या गोपाळरावांना खंडेरावांच्या पत्नी जमनाबाईंनी १८७५ मध्ये दत्तक घेतले आणि ते तिसरे सयाजीराव झाले. निवडीच्या वेळी 'कशासाठी आलात' असे मुलांना विचारले असता गोपाळरावांनी राज्य करायला आलो असे उत्तर दिले, ही आख्यायिका चरित्रकारांच्या फार आवडीची. माझा पहिला आक्षेप तिच्यावरच आहे. बारा वर्षांच्या मुलाच्या एका उत्तरात पुढची चौसष्ट वर्षे शोधणे म्हणजे निकाल लागल्यावर प्रश्नपत्रिका काढणे. हाच मुलगा पुढे उधळ्या निघाला असता, तर त्याच उत्तराला आपण उद्धटपणा म्हटले असते.

मग सारे श्रेय गादीला द्यावे का? तेही जमत नाही. तीच गादी आणि तोच खजिना सयाजीरावांच्या आधी मल्हाररावांना मिळाला होता. १८७० मध्ये ते गादीवर आले आणि १८७५ मध्ये पदच्युत झाले. बरे, त्यांना चांगला माणूस लाभला नाही असेही नाही. दादाभाई नौरोजी काही काळ त्यांचे दिवाण होते. पण दादाभाईंना ना दरबाराची साथ होती, ना रेसिडेंट फेअर यांची. उलट सयाजीरावांच्या अज्ञानपणी दिवाण टी. माधवराव यांनी इंग्रज सरकारच्या पाठिंब्याने कारभाराची घडी बसवली, आणि शिक्षक इलियट यांनी मुलाला घडवले. १८८१ च्या अखेरीस अधिकार हाती आले, तेव्हा सयाजीरावांना मिळालेले राज्य मल्हाररावांच्या राज्यापेक्षा पुष्कळ सुस्थितीत होते. चरित्रग्रंथांत ही वर्षे तयारीचे एक प्रकरण म्हणून उरकली जातात; खरे तर मोठेपणाचा अर्धा हिशेब तिथेच आहे.

कोल्हापूरची साक्ष अधिक कठोर आहे. चौथे शिवाजी हेही दत्तकच. वेडे ठरवून त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले आणि पहाऱ्यावरील गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांच्यात गुण होते की नव्हते, हे सांगण्याचा अधिकार आज कोणालाच नाही, कारण ते दिसण्याची संधीच त्यांना मिळाली नाही. १८८४ मध्ये त्याच गादीवर कागलच्या घाटगे घराण्यातील शाहू दत्तक आले. त्यांचे वडील संस्थानचे रीजंट होते, शिक्षक म्हणून फ्रेझर लाभले. परिस्थिती माणसाला घडवते तशी ती माणसाला पुसूनही टाकते, हे या दोघांच्या नशिबातून दिसते.

तरीही परिस्थितीवर सगळे सोपवून मोकळे होता येत नाही. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शाहूंबरोबर इतरही राजपुत्र शिकले. गोरे शिक्षक आणि हुशार दिवाण अनेक संस्थानांत होते. पण १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम कोल्हापुरातूनच निघाला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. हे कोणत्याही शिक्षकाने धड्यात दिलेले नव्हते. हे केले नसते तरी दोघांच्या गाद्या शाबूत राहिल्या असत्या. जिथे काही न करण्याची पूर्ण मुभा असते, तिथे राजा जे करतो, ते त्याचे स्वतःचे. अंगच्या गुणांचा हिशेब मी तिथून सुरू करीन.

आणखी एक गोष्ट. कवळाण्याच्या मुलाचे शिक्षण दत्तक जाईपर्यंत जवळजवळ झालेच नव्हते. एका निवडीने त्याला शाळा मिळाली. गावातल्या इतर मुलांना ती मिळाली नाही. पुढे त्याच राजाने शिक्षण कायद्याने सक्तीचे केले आणि १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवले. स्वतःला योगायोगाने मिळालेली संधी दुसऱ्याला योगायोगावाचून मिळावी, ही तजवीज मला त्यांच्या मोठेपणाची सर्वांत भक्कम खूण वाटते. मोठेपण जन्मजातच असते असे मानले, तर शाळा काढण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही. सयाजीरावांनी तसे मानले नाही.

मुलुंडच्या त्या श्रोत्यांना आता मी असे सांगेन : गादी वारशाने मिळते, तयारी इतरांच्या हातून होते, राजाचे स्वतःचे म्हणून जे उरते, ते त्याने इतरांसाठी काय केले यातच पाहावे.