उमेदवार उभा का राहतो?



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘स्थानिक निवडणुकीतला उमेदवार’ असं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, तत्त्वज्ञानाचा माणूस आहे, शंकराचार्यांवर नाहीतर कांटवर बोलेल. एकानं तर हळूच विचारलं, “सर, पुन्हा उभं राहायचा विचार आहे का?” (हशा) नाही, तसा विचार नाही. पण त्यातल्या ‘पुन्हा’ या शब्दाकडे मला शेवटी यावं लागणार आहे. आज आपल्या धारूरच्याच श्रोत्यांपुढे बोलतोय, त्यामुळे लपवून उपयोग नाही. तुमच्यातल्या निम्म्यांना ती हकीकत माहीत आहे.

सुरुवात शब्दापासून करू. उमेदवार हा शब्द फारसीतून आला. उमेद असलेला, आशा धरून असलेला तो उमेदवार. रोममध्ये मतं मागणारा माणूस पांढराशुभ्र झगा घालून फिरायचा, त्या शुभ्रपणावरून इंग्रजीतला ‘कँडिडेट’ आला. तेवढी परंपरा आपणही राखली आहे. (हशा) पण मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. पूर्वी कचेरीत एखादा पोरगा बिनपगारी काम शिकायचा, नोकरीच्या आशेवर. त्याला म्हणायचे, ‘उमेदवारी करतोय’. आजही आयटीआयमधून कारखान्यात गेलेल्या मुलाला आपण ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणतो. म्हणजे उमेदवारीत मागणं आहे तसं शिकणंही आहे. निवडणुकीच्या उमेदवारीतून हा दुसरा अर्थ गळून कसा गेला, हा माझा आजचा प्रश्न. आणि त्याचा काही दोष मी आपल्या कथा-चित्रपटांना देणार आहे, म्हणून हे व्याख्यान समीक्षेचं.

‘सामना’ घ्या. १९७५ चा चित्रपट, लेखन विजय तेंडुलकर, दिग्दर्शन जब्बार पटेल. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील आणि डॉ. लागूंचा मास्तर. साखरेच्या राजकारणाची इतकी नेमकी चिकित्सा मराठीत क्वचितच झाली असेल. पण एक गोष्ट पाहा. या गावात हिंदुरावासमोर ताठ उभा राहिलेला माणूस कोण? मारुती कांबळे. आणि तो कुठे आहे? चित्रपट सुरू होतो तेव्हा तो या जगात नाही. आपल्याला तो इतरांच्या आठवणींतून, कुजबुजीतून कळतो. त्याचं काय झालं हे मास्तर विचारत राहतो. पण मारुती उभा का राहिला, त्या सकाळी त्याच्या मनात काय होतं, हे विचारायला चित्रपटाला सवड नाही.

चार वर्षांनी ‘सिंहासन’ आला, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवर बेतलेला. तिथे तर सगळे आधीच आत बसलेले. खुर्ची कोण ओढतो आणि कोण धरून ठेवतो एवढाच खेळ, आणि तो पाहणारा पत्रकार. मतदार, उमेदवार, अर्ज हे सगळं पडद्याच्या बाहेर.

मग थेट २०२० चा ‘धुरळा’. समीर विद्वांस यांचं दिग्दर्शन, विषय सरपंचपदाची निवडणूक. मला हा चित्रपट आवडला. पद महिलांसाठी राखीव होतं आणि एकाच घरातली सासू आणि सुना एकमेकींसमोर येतात. यातलं एक निरीक्षण अस्सल आहे: नाव बाईचं, डाव पुरुषांचे, पण एकदा नाव लागलं की त्या बाईच्या मनात काहीतरी हलायला लागतं. दिग्दर्शकाला ते दिसलेलं आहे. मात्र तो तिथे फार वेळ थांबत नाही, कारण पुढे डावपेच आहेत, भाषणं आहेत, धुरळा आहे. माझी तक्रार त्या न थांबण्याबद्दल आहे.

आता कुणी म्हणेल, सर, चित्रपटानं काय सगळंच दाखवायचं का? नाही. तेंडुलकरांना सत्तेवर बोलायचं होतं, ते बोलले आणि जबरदस्त बोलले. पण पन्नास वर्षं आपण पुढाऱ्याच्याच गोष्टी सांगितल्या, उमेदवाराची सांगितली नाही, तर समाजाकडे एकच उत्तर उरतं. ‘तो का उभा राहिला?’ ‘पैसा खायला.’ दुसरं उत्तर द्यायला शब्दच नसतात.

याला जोडून मी एक वेगळंच पुस्तक वाचायला घेतलं, ते म्हणजे उमेदवारी अर्ज. हसू नका, तो वाचनीय मजकूर आहे. कुठलाही समाज उमेदवाराला काय विचारतो, यावरून त्याची चांगल्या माणसाची कल्पना कळते. प्राचीन अथेन्समध्ये आर्खन या अधिकाऱ्याला पद घेण्याआधी प्रश्न विचारत. बाप कोण, कुळाची थडगी कुठे आहेत, कर भरतोस का, लढाईवर गेला होतास का आणि आईबापांना नीट वागवतोस का! तमिळनाडूत उत्तरमेरूरचा दहाव्या शतकातला शिलालेख आहे. तिथे ग्रामसभेच्या समित्यांसाठी घागरीतून नावांच्या चिठ्ठ्या काढत. चिठ्ठीत नाव यायला जमीन हवी, घर हवं, विद्या हवी. आणि पूर्वी समितीवर असताना ज्यानं हिशोब दिला नाही तो बाद. त्याचे जवळचे नातेवाईकही बाद. आपल्याकडे हा नातेवाइकांचा नियम लावला तर किती गावांत उमेदवार मिळतील, याचा विचार करा. (हशा)

आपला अर्ज काय विचारतो? मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण. थकबाकी आहे का. जातीचा दाखला. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनापेक्षा जास्त अपत्यं झाली का. आणि लिंग. हा शेवटचा रकाना आपण न वाचता भरतो. जळगाव जिल्ह्यातल्या भादलीच्या अंजली पाटील यांना तो तसा भरता आला नाही. त्या तृतीयपंथी. महिलांच्या जागेवरचा त्यांचा अर्ज छाननीत बाद झाला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, न्यायालयानं उभं राहू दिलं आणि जानेवारी २०२१ मध्ये त्या निवडून आल्या. एका रकान्यासाठी हायकोर्टापर्यंत जाणाऱ्या माणसाला ‘पैसा खायला’ हे उत्तर लावून पाहा बरं. लागत नाही.

अर्जात एक रकाना मात्र नाही: ‘आपण का उभे राहत आहात?’ आणि तो नाही हे बरंच आहे. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं हेतूची छाननी सुरू केली तर अनर्थ होईल. हेतू विचारायचं काम गोष्टींचं, नाटकांचं, पारावरच्या गप्पांचं. ते काम झालेलं नाही, म्हणून रकाना सगळीकडेच कोरा राहिला.

या कोऱ्या जागेत ‘बिनविरोध’ नावाचं प्रकरण वाढतं. बिनविरोध म्हटलं की आपल्याला एकोपा आठवतो. कुठे आमदार त्यासाठी निधीचं आमिष दाखवतात. २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीआधी नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाचा लिलाव झाला. बोली गेली २ कोटी ५ लाखांवर, रक्कम मंदिरासाठी. राज्य निवडणूक आयोगानं तिथली आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. पैसा देवाच्या कामाला जाणार होता, हे मान्य. पण त्या बोलीच्या वेळी ज्याच्या मनात अर्ज भरायचं होतं आणि खिशात दोन हजार होते, तो कुठे बसला असेल? मला त्याची गोष्ट हवी आहे.

दुसरी बाजूही खोटी नाही. निवडणुकीनं भाऊबंदकी पेटते, बोलचाल दहा-दहा वर्षं बंद होते. आपल्या बीड जिल्ह्यात हे मी कुणाला सांगायचं? शेजारच्या केज तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं ९ डिसेंबर २०२४ ला अपहरण झालं आणि त्यांचा खून झाला. गावपातळीवर काम करणाऱ्या माणसाला कशाची किंमत मोजावी लागू शकते, हे आपण जवळून पाहिलं. त्यामुळे जो भीतीनं मागे सरतो त्याला मी नावं ठेवणार नाही. मी बोलतोय ते आपण भीतीला आणि सोयीला ‘एकोपा’, ‘त्याग’ अशी गोड नावं देतो त्याबद्दल.

आणि आता तो ‘पुन्हा’.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी मी इथेच अर्ज भरला होता. वॉर्डातल्या ज्या लोकांनी सूचक म्हणून सह्या दिल्या, त्यात ऊसतोडीला जाणारी एक बाई होती. दिवाळी उलटली होती, टोळी निघायच्या बेतात. उचल घेतलेली, मुकादमाचा तगादा. ती दोन दिवस मागं थांबली. सही करताना मी तिला विचारलं, “तुम्ही तर मतदानाला इथं नसणार, मग सही कशाला?” ती म्हणाली, “आमी सहा म्हयने गावात नसतो, म्हणूनच. आमच्या वतीनं बोलणारं कुणीतरी गावात पायजे का नको?”

माघारीच्या शेवटच्या दिवशी सकाळी काही मंडळी घरी आली. सगळी ओळखीची, दोघं तर माझेच विद्यार्थी. चहा झाला. कुणी धमकी दिली नाही, उलट पाया पडले. “सर, तुमच्यासारख्यानं या राड्यात कशाला पडायचं? स्वीकृत सदस्य म्हणून नंतर बघू की.” मग एकानं अगदी साधेपणानं विचारलं, “पण सर, तुम्हाला उभं राहायचंय कशासाठी?”

मंडळी, छत्तीस वर्षं मी नीतिशास्त्र शिकवलं. कर्तव्य म्हणजे काय, यावर मी तासभर बोलू शकतो. त्या सकाळी मला एक वाक्य सुचलं नाही. समाजसेवा म्हणावं तर ते हसले असते, मलाही हसू आलं असतं. तीन वाजायच्या पंधरा मिनिटं आधी मी माघारीवर सही केली. संध्याकाळी लोक म्हणाले, सरांनी मोठेपणा दाखवला. मलाही ते चार महिने पटत राहिलं.

पाडव्याच्या सुमारास टोळ्या परतल्या. ती बाई दारात आली, पाणी प्याली आणि म्हणाली, “सर, अर्जावर माझी बी सही होती. माघारी घेताना मला इचारलं नाही तुम्ही.”

माघारीसाठी कायद्याला उमेदवाराची सही पुरते. कायद्यानं माझं काही चुकलं नव्हतं. पण ज्या प्रश्नापुढे मी गप्प बसलो, त्याचं उत्तर तिनं सही करतानाच मला दिलं होतं आणि मी ते उत्तर म्हणून ऐकलंच नव्हतं. हॅना पिटकिन या विदुषीनं १९६७ साली प्रतिनिधित्वाच्या संकल्पनेवर पुस्तक लिहिलं. त्यात ती या शब्दाच्या मुळाशी जाते: जो समोर नाही त्याला कुठल्या तरी अर्थानं समोर आणणं. मी वर्गात हे कितीदा तरी सांगितलं असेल. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात ते शब्दशः खरं आहे. इथे दर हंगामात माणसं गावाबाहेर असतात. त्यांच्या गल्लीतल्या नळाबद्दल, शाळेत मागं राहिलेल्या पोरांबद्दल बोलायला कुणीतरी गावात लागतं. एवढंच कारण होतं. ते त्या सकाळी चहाच्या कपासमोर सांगता आलं असतं, आणि कुणी हसलं नसतं.

म्हणून लिहिणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे. हिंदुराव खूप झाले. अर्जाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाबद्दल लिहा, हातात झेरॉक्सची पिशवी घेतलेल्या, घरात अजून नीट न सांगितलेल्या. तो पडला तरी चालेल. तो का आला हे आम्हाला कळू दे, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर आमच्याकडे शब्द असतील.

आणि तुमच्यापैकी कुणी उभं राहणार असेल, तर माझ्या उमेदवारीतून मी शिकलो ते सांगतो. माघार घ्यायचीच वेळ आली, तर आधी सूचकांच्या घरी जा. त्या ऊसतोडीला गेल्या असतील, तर फडावर फोन करा.