शनिवारवाड्याची हाक : आख्यायिका आणि न्याय

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला. तेथील सायंकालीन पदभ्रमंतीत मार्गदर्शकाचे कथन ‘काका, मला वाचवा’ ही आर्त हाक आणि आनंदीबाईंनी केलेला ‘ध’चा ‘मा’ यांभोवती फिरते. १८२८ च्या आगीत आतील महाल नष्ट झाले. तट, दरवाजे व जोती तेवढी उरली. या रिक्ततेत श्रोत्याची कल्पना मुक्त संचार करते, हेच या कथनप्रकाराचे सामर्थ्य होय. परंतु भयानक रसाच्या परिपोषापायी रघुनाथरावांना दोषी ठरविणारा रामशास्त्री प्रभुण्यांचा निर्णय गौण ठरतो. अक्षरबदलाची आख्यायिका अस्सल कागदाने सिद्ध झालेली नाही. तरीही दोषाचा भार एका स्त्रीच्या माथी येतो. हाकेबरोबर निर्णयही ऐकविला गेला, तरच या कथनास इतिहासाचे अधिष्ठान लाभेल.