खणाचा पन्हा

आजीच्या ट्रंकेत एक न शिवलेला खण निघाला. गर्द जांभळा, लाल काठाचा. बहिणीला लग्नात त्याचं जॅकेट करून घालायचंय. म्हणून मागच्या शनिवारी आम्ही दोघं वलवणहून निघून लोणावळ्यातल्या एका बुटीकमध्ये गेलो. नाव सांगत नाही, कारण अशी बुटीकं आता सगळीकडे आहेत.

तिथे नेमकं तसंच जॅकेट टांगलेलं होतं. पाठीवर खण, बाह्यांना इंडोनेशियाचा इकत, कडेने जपानी साशिकोचे धावदोरे. किंमत साडेनऊ हजार. टॅगवर डिझायनरचं नाव आणि ‘तीन संस्कृती, एक आत्मा’ असं काहीतरी. खण कुठला, विचारलं. उत्तर आलं, ‘‘सर, प्युअर हँडलूम आहे.’’

अशा वेळी ‘ही संस्कृतीची चोरी’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं. मला ते पटत नाही. वलवणहून थोड्याच अंतरावर कार्ल्याचं चैत्यगृह आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तिथले काही खांब धेनुकाकटच्या यवनांनी दान दिले, असं खांबांवरच कोरलंय. त्याच लेण्याच्या तोंडाशी आज एकवीरा आहे आणि तिची ओटी आपण खणानारळाने भरतो. ‘इकत’ हा शब्दही मलय-इंडोनेशियाकडचा, बांधणे या अर्थाचा. तो आपण पोचमपल्लीच्या साडीलाही बिनदिक्कत लावतो. सरमिसळ जुनीच आहे. माझी तक्रार कात्रीबद्दल आहे.

खण मूळचा उत्तर कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा. नक्षी छापलेली नसते, ताण्यात जादा धागे घालून ती विणतानाच उठवतात. त्याचा पन्हा साडीपेक्षा बराच लहान, कारण कापड मागावर चढतं तेच चोळी डोळ्यासमोर ठेवून. आईने आजीची जुनी चोळी पलंगावर पसरून दाखवली, तेव्हा हे कळलं. काठ बरोबर बाह्यांच्या टोकाला येतात, चिंधीही फारशी उरत नाही. म्हणजे शिंप्याचं अर्धं काम विणकरानेच केलेलं असतं.

बुटीकमधल्या जॅकेटची पाठ मी उलटून पाहिली. पन्हा पुरत नव्हता, म्हणून मधोमध जोड दिलेला. नक्षी जोडावर जुळत नव्हती. काठ कापून टाकलेले. दुसऱ्याची लायब्ररी डॉक्युमेंटेशन न वाचता वापरावी आणि एरर आला नाही म्हणून काम झालं समजावं, तसं हे. कोड कंपाइल होतो, पण बरोबर असतोच असं नाही.

याच्या शेजारी वैशाली षडांगुळे यांचं काम ठेवून पाहा. २०२१ मध्ये पॅरिसच्या ओत कुत्यूर वीकमध्ये कलेक्शन दाखवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला डिझायनर. खण, चंदेरी अशी हातमागाची कापडं त्या वापरतात. त्यांचे कपडे मी फोनवर पाहिले, तेव्हा आधी चिडचिडच झाली. कापड पिळलेलं, दोऱ्यांसारखं गुंडाळलेलं, लाटांसारखं उभं केलेलं. यात खण शोधायचा कुठे? दुसऱ्यांदा पाहताना वाटलं, त्या खण ‘भारतीयपणाची खूण’ म्हणून चिकटवत नाहीयेत. हे कापड आणखी काय काय करू शकतं, हे तपासतायत. आणि विणीचं नाव घेऊन तपासतायत.

नावाचं महत्त्व कोल्हापुरीने दाखवून दिलंच. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाने तशाच चपला दाखवल्या, उल्लेख न करता. ओरड झाल्यावर प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचं मान्य केलं. तोवर कोल्हापुरीला जीआय मिळून सहा वर्षं झाली होती.

तरी पॅरिसच्या खणावर माझा एक आक्षेप राहतोच: जन्मभर खण नेसलेल्या बाईला तो ओळखू येणार नाही. तिथे खणाचं नाव राहिलं, काठ गेला. एकवीरेच्या पायऱ्यांवर मी घेतलेल्या खणाला काठ आणि नाव दोन्ही होतं, पण तो निघाला पॉलिएस्टरचा, नक्षी छापलेली. बुटीकमध्ये सूत खरं होतं, बाकी दोन्ही गायब.

हातमागाची बाजू घेताना वलवणकर म्हणून मी जरा चाचरतोच. आमच्या धरणाचं पाणी खोपोलीला उतरतं, तिथल्या विजेवर १९१५ पासून मुंबईच्या कापडगिरण्या चालू लागल्या. हातमागाला मागे टाकणारं कापड आमच्याही पाण्यावर निघालं. त्यामुळे ‘जुनं ते तसंच ठेवा’ म्हणायचा अधिकार मला नाही. खण ट्रंकेत ठेवून तरी कुणाचं भलं होणार आहे?

बहिणीचं जॅकेट होणार आहे. बुटीकमध्ये नाही, बाजारातल्या आमच्या नेहमीच्या शिंपीकाकांकडे. त्यांनी खण टेबलावर पसरला, टेपने पन्हा मोजला आणि म्हणाले, ‘‘पाठ यात बसणार नाही. पाठीला साधं सुती घेऊ. हा पुढे आणि बाह्यांना. काठ नाही कापायचा.’’

टॅगवर काय लिहायचं, ते त्यांनी विचारलं नाही. आत एक पट्टी शिवून तीवर ‘गुळेदगुड्ड’ आणि आजीचं नाव लिहायचं, असं आम्ही ठरवलंय.