पात्यावरचे १९०७

अहमदपूर तालुक्यातल्या एका वाड्यात दसऱ्याच्या पूजेला मांडलेली संगीन मी पाहिली, त्याला आता वीसेक वर्षे झाली. पाटावर विळा, कोयता, घरातली एक मोडकी तलवार आणि कडेला ही. लाकडी मूठ, जेमतेम फूटभर पाते, वर हळदकुंकवाची बोटे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले, "आमच्या अण्णांनी रझाकाराच्या हातून हिसकावली. एकोणीसशे सातची आहे. बघा, आकडाच कोरलाय." आकडा खरोखरच होता. मी वहीत तसेच लिहून घेतले, कारण मलाही तेव्हा तेवढेच कळत होते.

पुढे स्केनरटन आणि रिचर्डसन यांच्या ब्रिटिश व राष्ट्रकुलातल्या संगिनींवरच्या ग्रंथाची झेरॉक्स हाती आली आणि वहीतली निम्मी पाने खोडावी लागली. पात्याच्या मुळाशी असलेले १९०७ हे नमुन्याचे वर्ष आहे, बनावटीचे नव्हे. राजमुकुट, त्याखाली राजाची अक्षरे, मग १९०७, आणि त्याखाली बारीक अक्षरांत महिना, सालाचे शेवटचे दोन आकडे व कारखान्याचे नाव, असा हा मजकूर असतो. विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन ही विलायती नावे. आपल्याकडे जास्त सापडतात ती 'आर. एफ. आय.' ही अक्षरे, म्हणजे हुगळीकाठची ईशापूरची रायफल फॅक्टरी. हिंदुस्थानी बनावटीवर राजाच्या 'जी. आर.' पुढे 'आय' येतो, सम्राटपदाचा. पात्याच्या दुसऱ्या बाजूला बाणाची सरकारी खूण, तपासनिसांचे ठसे आणि एक फुली असते. पाते वाकवून पाहिल्याची ती फुली. एका संग्रहालयात मी तिचा अर्थ 'ख्रिस्ती धर्मचिन्ह' असा लावलेला पाहिला आहे.

हा नमुना मुळात जपानी अरिसाका रायफलीच्या संगिनीवरून घेतला. ली-एन्फिल्ड रायफल आखूड केली, तेव्हा सैनिकाची पोच कमी पडू नये म्हणून पाते सतरा इंचांचे केले. सुरुवातीला मुठीच्या आडव्या पट्टीला आकडी होती, ती १९१३ मध्ये काढून टाकली. पात्यावरच्या लांब खोबणीला आपल्याकडे सर्रास 'रक्त वाहून जायची नाली' म्हणतात. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो एवढाच त्या स्पष्टीकरणाचा उपयोग. खोबण असते ती पाते हलके राहून ताठ राहावे म्हणून.

मग अहमदपूरची संगीन फूटभरच कशी? दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात ही लांब पाती कापून बारा इंचांची केली गेली. अशा कापलेल्या पात्यात खोबण थेट टोकाजवळ जाऊन संपते. मूळ पात्यात ती टोकाच्या बरीच आधी थांबते. गावच्या लोहाराने कापलेली पातीही मी पाहिली आहेत. त्यांचे टोक एका अंगाला झुकलेले असते. वाड्यातली संगीन कारखान्याच्याच हातची होती. म्हणजे आज दिसते त्या रूपात ती १९४० च्या दशकाआधीची असूच शकत नाही. १९४८ च्या गोष्टीला हे पोषकच आहे. पण गोष्ट शक्य असणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. मी नांदेडकर असल्याने नरहर कुरुंदकरांना वाचत वाढलो. हा फरक विसरायची सोय मला नाही.

उदगीरच्या बाजूला याहून जुनी गोष्ट विकायला असते. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी तिथे निजामाला नमवले, इब्राहिमखान गारदी भाऊंच्या बाजूने होता, आणि पुढच्या वर्षी पानिपतावर त्याच्या पलटणींनी गोळीबार थांबवून संगिनींनी रोहिल्यांवर चाल केल्याचे काशिराजाच्या वृत्तांतात आहे. एवढ्या भांडवलावर तिधारी पात्याची, नळीची कोणतीही संगीन 'गारद्याची' होते. मला दाखवलेल्या अशा तीन संगिनींच्या नळीला मधोमध फिरणारी कडी होती. इंग्रजी लष्करात ही कडी रुळली ती १८५३ च्या एन्फिल्डबरोबर. पानिपतानंतर नव्वदेक वर्षांनी. विकणाऱ्याला तसे म्हटले, तर तो म्हणाला, "गिऱ्हाईकाला पानिपत लागतं हो." त्याला मी दोष देत नाही. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनाही पानिपतच लागते. हिंगोलीच्या छावणीत हैदराबाद कंटिंजंटचे शिपाई वर्षानुवर्षे कवायत करत होते, त्यांच्या खांद्यावर काय होते हे कोणाला लिहावेसे वाटत नाही.

माझी खरी तक्रार 'रझाकाराची' या शब्दाबद्दल आहे. मुक्तिसंग्रामावरच्या स्मरणिकांत, शाळांच्या काचेच्या कपाटांत, घराघरांत हा शब्द संगिनीला चिकटलेला दिसतो. रझाकारांनी केलेले अत्याचार खरे आहेत, त्यावर वाद नाही. पण त्यांच्यातल्या बहुतेकांकडे भाले, तलवारी आणि ठासणीच्या बंदुका होत्या. ईशापूरची संगीन लागते ती लष्करी रायफलीला. तशा रायफली निजामाच्या फौजेकडे असू शकत, आणि १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून नळदुर्गात शिरलेल्या भारतीय सैन्याकडे तर होत्याच. महायुद्धातून परतलेल्या एखाद्या शिपायाच्या ट्रंकेतूनही ती गावात येऊ शकते. पाते या साऱ्यांत भेद करत नाही.

आणि १७ सप्टेंबरनंतरही काही आठवडे होते. पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालाने, जो कित्येक दशके लोकांसमोर आला नाही, सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबाद आणि बीदर यांत विभागलेला होता. अहमदपूर आणि उदगीर बीदरमध्ये. म्हणजे आपण ज्या वाड्यांतून वस्तू गोळा करतो, ती नेमकी हीच गावे. १९४८ च्या शरदात एखादी संगीन कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली, हा प्रश्न तिथे विचारायला जड जातो. 'रझाकाराची' म्हटले की तो विचारावाच लागत नाही. स्मरणिकांनी ही सोय वर्षानुवर्षे करून दिली आणि आम्ही संग्राहकांनी ती आनंदाने घेतली. माझ्या जुन्या वह्यांत हा शब्द किती वेळा आला आहे ते मी मोजले आहे. आकडा सांगण्यासारखा नाही.

यात कायद्याची भीती भर घालते. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत तलवारी-भाल्यांबरोबर संगिनीचे नाव स्पष्ट आहे. दुसरीकडे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातली शंभर वर्षांची अट पहिल्या महायुद्धातल्या संगिनींनी आता ओलांडली आहे. या दोहोंच्या मध्ये सापडलेला माणूस काय करतो? पॉलिश पेपर घेऊन ठसे घासून काढतो. नांदेडच्या एका भंगारवाल्याकडे मला अशा गुळगुळीत संगिनी मिळाल्या, आरशासारख्या. त्यांच्याबद्दल आता कोणीही काहीही सांगावे.

गेल्या वर्षी पुन्हा त्या वाड्यात गेलो. भिंगाखाली सारे ठसे दाखवले, खोबण दाखवली. वडीलधारे आता नव्वदीला टेकलेले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, "म्हणजे आमचे अण्णा खोटं बोलले?" मी म्हटले, "तसं नाही काका, पातं त्याबद्दल बोलतच नाही." त्यांच्याच आग्रहावरून एक चिठ्ठी लिहून दिली: नमुना १९०७, बनावट ईशापूर, पाते महायुद्धात आखूड केलेले, १९४८ नंतर या घरात. शेवटी लिहिले, 'कोणाकडून आली ते ठाऊक नाही.' त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, नातवाकडून पेन मागून घेतले आणि ते शेवटचे वाक्य खोडले. वर काही लिहिले मात्र नाही. चिठ्ठी घडी करून म्यानात सरकवली.